कुत्रं कुणाचं? भटक्या कुत्र्यांच्या वादाची दोनशे वर्षं



भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की सभेचे दोन तट पडतात. एका बाजूला खाऊ घालणारे, दुसऱ्या बाजूला चावा बसलेले. दोघंही तावातावानं बोलतात आणि दोघांकडेही सांगण्यासारखं खरं काही असतं. आम्ही आज कुठल्याही तटाची वकिली करणार नाही. हा वाद आपल्याकडे किती जुना आहे आणि दर वेळी त्यातला कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, एवढंच बघू. प्रश्न साधा आहे: रस्त्यावरचं कुत्रं कुणाचं?

आधी आपली भाषा बघा. 'मोकाट', 'भटकं', 'बेवारस' हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, पण ते एक नाहीत. मोकाट म्हणजे ज्याला आवर नाही. भटकं म्हणजे ज्याला ठिकाण नाही. बेवारस म्हणजे ज्याची जबाबदारी घेणारं कुणी नाही. गल्लीतल्या कुत्र्याला ठिकाण पक्कं असतं, आपली हद्द ते सोडत नाही. त्याला नसतो तो वारस. म्हणजे तिसरा शब्द खरा, आणि तो कुत्र्यापेक्षा आपल्याविषयीच जास्त सांगतो.

परंपरेत कुत्र्याला मान कमी नाही. महाभारताच्या आरंभी सरमा नावाची कुत्री आपल्या निरपराध पिल्लाला मारल्याबद्दल जनमेजयाला जाब विचारते, आणि शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर आपल्या घराघरात माहीत आहेत. पण त्याच घरात 'कुत्र्याच्या मौतीनं मरशील' हा शापही दिला जातो. गावात शिळी भाकरी टाकली जायची, कुत्रं रात्री भुंकून राखण करायचं, आणि आजारी पडलं की उकिरड्यावर जाऊन मरायचं. देवघेव होती, पण ती अर्धवट होती. तसबिरीतल्या कुत्र्याला नमस्कार आणि दारातल्याला दगड, हे दोन्ही एकाच दिवशी करताना आपल्याला काही खटकत नव्हतं.

आता मुंबईत येऊ. कंपनी सरकारच्या मुंबईत १८१३ सालापासून उन्हाळ्याच्या ठरावीक दिवसांत रस्त्यावरची कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ साली ती मुदत वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस होतं, आणि बक्षीस ठेवलं की काय होतं ते सांगायला नको. लोकांच्या आवारातली, घरातली कुत्रीसुद्धा ओढून नेतात अशी तक्रार सुरू झाली. ६ जून १८३२ रोजी फोर्टात जमावानं शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. आधुनिक मुंबईतला हा पहिला दंगा मानला जातो.

पुढाकार पारशी समाजाचा होता, आणि त्याला कारण होतं. जरथुश्त्री धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृताचं दर्शन कुत्र्याला घडवण्याचा 'सगदीद' हा अंत्यविधीचा भाग आहे, आणि वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्याला वाईट अन्न देणाऱ्यालाही शिक्षा सांगितली आहे. बंदमध्ये हिंदू आणि जैन व्यापारीही सामील होते. आम्हाला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सरकारच्या लेखी कुत्री दोनच प्रकारची होती, मालकाची आणि बिनमालकाची. बिनमालकाचं ते मारण्याजोगं. रस्त्यावर उतरलेल्या माणसांचं म्हणणं असं होतं की, आमच्या नावावर नसलं तरी ते आमच्यातलं आहे. मालकी आणि नातं यांतला हा फरक कायद्याला तेव्हा कळला नाही, आणि आजही पुरता कळलेला नाही.

दंग्यानंतर समेटासाठी खटपट करणाऱ्यांत जमशेटजी जीजीभॉय होते. त्यांनी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मिळून १८३४ साली भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. आज आपण तिला गाईगुरांची म्हणून ओळखतो, पण तिच्या जन्मामागे कुत्र्यांचा प्रश्न होता. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था निघाली आणि पुढच्या दशकात परळला दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. हे काम मोठं होतं यात शंका नाही. पण यातून एक सवयही लागली. शहरानं प्रश्न निर्माण करायचा आणि दानशूरानं तो पदरात घ्यायचा. दान दिलं की नागरिकाचं कर्तव्य संपलं.

दुसऱ्या बाजूची भीती खोटी होती का? मुळीच नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ नक्कीच मरतो. पाश्चर यांनी जुलै १८८५ मध्ये एका मुलाला पहिली लस दिली. आपल्याकडे १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. म्हणजे त्याआधी पिसाळलेलं कुत्रं चावलं तर वाट बघण्यापलीकडे हातात काही नव्हतं. पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं आमच्या पिढीला चांगली ठाऊक आहेत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या त्या लसीचं उत्पादन भारतात थेट २००४ च्या अखेरीस थांबलं. आजही जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात मुलांचं प्रमाण मोठं आहे. ज्या आईचं मूल गेलं तिला भूतदया शिकवायला जाऊ नये.

हाच पेच १९२६ साली अहमदाबादेत गांधीजींपुढे आला. गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली. जीवदया मंडळींनी गांधीजींना जाब विचारला, आणि अहिंसेच्या या उपासकानं साराभाईंची बाजू घेतली! देशभरातून रागाची पत्रं आली. त्यांनी 'यंग इंडिया'त या प्रश्नावर लेखांची मालिकाच लिहिली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: रस्त्यावर बिनमालकाची कुत्री हिंडणं हे समाजाच्या दयेचं लक्षण नाही, ते त्याच्या आळसाचं लक्षण आहे. दारातून तुकडा फेकून पुण्य मिळवायचं आणि त्या जिवाची बाकी जबाबदारी झटकायची, ही दया खोटी आहे. कुत्र्याला वाचवायचं तर त्याला पाळा, नाहीतर पाळणाऱ्या संस्थेला पैसे द्या.

मारण्याचं त्यांनी केलेलं समर्थन आज अनेकांना पटणार नाही, आम्हालाही ते पुरतं पटत नाही. कारण त्यांच्यासमोर मारणं किंवा पाळणं एवढे दोनच मार्ग होते. तिसरा मार्ग पुढे मद्रासेत निघाला. पण तुकडा फेकणाऱ्या हाताला त्यांनी विचारलेला प्रश्न अजून शिल्लक आहे.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा आला. गंमत अशी की त्याच कायद्यात भटकी कुत्री मारण्याला सूट होती, आणि पालिका मारत राहिल्या. १९५९ साली मद्रासेत सुरू झालेल्या 'ब्लू क्रॉस' या संस्थेनं १९६४ पासून वेगळा मार्ग धरला: पकडा, शस्त्रक्रिया करा, लस द्या, जिथून आणलं तिथेच सोडा. तर्क सोपा होता. कचरा तसाच राहिला तर मारलेल्या कुत्र्याची जागा नवं कुत्रं घेतं. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं मात्र आपली हद्द राखतं आणि प्रजा वाढवत नाही. मद्रास महापालिकेनं हे स्वीकारायला १९९६ उजाडलं, आणि देशभरासाठी नियम झाले २००१ साली. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं हे काम खाजगी माणसांच्या खांद्यावर होतं.

तो खांदा आजही त्यांचाच आहे. कुत्र्याचं आयुष्य काय असतं बघा. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला. वयात येईपर्यंत जगली जेमतेम १९ टक्के, आणि बरेचसे मृत्यू माणसाच्या हातून किंवा माणसामुळे झालेले. जे जगतं त्याच्या वाट्याला गाडीखाली मोडलेला पाय, खरूज, अळ्या पडलेली जखम, मे महिन्यात कोरडं पडलेलं डबकं. आणि त्याला उचलणारं माणूस? बहुधा एखादी नोकरी करणारी मुलगी, निवृत्त बाई, नाहीतर रिक्षावाला. औषधाचं बिल त्यांच्या पगारातून जातं. सोसायटीत भांडण त्यांच्याशी होतं. कुत्रं कुणाला चावलं तर 'तुमचं कुत्रं' म्हणून बोट त्यांच्याकडे, आणि पिल्लं नकोशी झाली की रात्रीतून पोतं त्यांच्याच दारात. जो जबाबदारी उचलतो त्याच्यावर सगळी जबाबदारी ढकलायची, हा जुनाच खेळ आहे. दमून, कर्ज होऊन, मन मोडून ही माणसं काम सोडतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ तारखेला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला. २२ तारखेला मोठ्या पीठानं तो बदलला: नसबंदी आणि लस करून पूर्वीच्या जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक वगळून, आणि खाऊ घालायला ठरावीक जागा द्या. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवण्याचा आदेश आला. पण २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री होती. इतके निवारे बांधणार कोण आणि चालवणार कोण? उत्तर पुन्हा त्याच खांद्याकडे जातं.

हे काम होतच नाही असं नाही. शेजारच्या गोव्यात सरकार, पशुवैद्यक आणि स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, वर्षानुवर्षं जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचत फिरल्या, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे शास्त्र जुनं आहे. म्हणजे मुलांचा जीव आणि कुत्र्याचा जीव वाचवायचं काम एकच आहे. दोन तट भांडतात ते एकाच लसीच्या दोन बाजूंना उभे राहून.

तेव्हा मूळ प्रश्नाचं आमचं उत्तर सांगतो. रस्त्यावरचं कुत्रं त्या रस्त्याचं आहे, म्हणजे त्या रस्त्यावर राहणाऱ्या सगळ्यांचं. ज्याला ते आवडत नाही त्याचंही. आपल्या वॉर्डात नसबंदीचं केंद्र आहे का, गेल्या वर्षी किती कुत्र्यांना लस दिली, कचरा किती वाजता उचलला जातो, हे पालिकेला विचारा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि तुमच्या गल्लीत रात्री भाताचं पातेलं घेऊन फिरणारी जी कुणी बाई असेल, तिच्याशी भांडण्याआधी किंवा तिला नमस्कार करण्याआधी एवढं विचारा, की या महिन्याचं औषधाचं बिल किती झालं. त्यातला आपला वाटा द्या.

आता प्रश्न घेऊ.