मराठी प्रेझेंटेशन शेवटच्या बाकापर्यंत नीट कसं पोचवायचं?

डिप्लोमाचा सेमिनार असो, कॉलेजचं प्रोजेक्ट असो नाहीतर ग्रामसभेत मांडायची योजना, स्लाइड्स आता बरेच जण फोनवरच बनवतात. मी केडगावचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. सुट्टीला घरी आलो की ओळखीची मुलं आपापली पीपीटी दाखवायला आणतात. रंग, अ‍ॅनिमेशन, टेम्प्लेट सगळं झकास असतं, घोळ होतो तो अक्षरांत. एका मुलीची फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला! दहा मिनिटांतली चार तिथेच गेली. अभ्यास पक्का होता, पण दाखवता आला नाही.

म्हणून डिझाइनच्या आधी अक्षरं सांभाळा. कसं, ते बघूया.

१. युनिकोडमध्येच टाइप करा

तिचा मजकूर टायपिंगच्या दुकानातून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आला होता. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, वर फक्त मराठी आकार दिसतो. फॉन्ट नसला की आतलं बाहेर येतं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे कोड आहेत, तेही १९९१ पासून. फोनवरचा जीबोर्ड युनिकोडच लिहितो. टाइप करायचा कंटाळा असेल तर माइकचं बटण दाबून मराठीत बोला, मग एकदा वाचून दुरुस्त करा.

२. फॉन्ट मराठीला शोभेल असा घ्या

गुगल फॉन्ट्सवर हे मोफत मिळतात:

- मुक्ता: मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा. साधा, स्पष्ट, मजकुरासाठी उत्तम.
- बालू २: हाही एक टाइपचाच. गुबगुबीत, शीर्षकासाठी छान.
- तिरो देवनागरी मराठी: हिंदी आणि मराठीत ‘ल’ आणि ‘श’ची वळणं वेगळी असतात. हा फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे. यात ठळक प्रकार नाही, म्हणून बोल्ड करू नका.

निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘अहिल्यानगर’, ‘दुसऱ्या’, ‘शाळा’ हे शब्द लिहून बघा. जोडाक्षर तुटलं तर फॉन्ट बदला. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर मात्र १.२ ते १.३ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो.

३. फाइल दोन प्रकारे न्या

पॉवरपॉइंटची फाइल आपोआप फॉन्ट सोबत नेत नाही. विंडोजवर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’वर टिक करा. फोनवर काम करत असाल तर सोपा उपाय म्हणजे पीडीएफ, त्यात फॉन्ट आतच राहतो. अ‍ॅनिमेशन जाईल, पण मराठी वाचेल! पीडीएफ मेलवर आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे ठेवा. काहीच जमलं नाही तर निर्मला यूआय हा फॉन्ट वापरा, तो विंडोज ८ पासून विंडोजसोबतच येतो.

४. शेवटच्या बाकाची परीक्षा

आडव्या फोनवर स्लाइड साधारण १२ सेंटिमीटर रुंद दिसते. वर्गातला पडदा २ मीटर रुंद आणि शेवटचा बाक ८ मीटरवर असेल, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या चौपट लांब. तोच हिशेब फोनला लावला तर अंतर येतं सुमारे अर्धा मीटर. फोन तेवढा लांब धरा. डोळे बारीक करावे लागले, तर मागच्यांनाही दिसणार नाही. मजकूर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मावत नसेल तर अक्षर बारीक करण्यापेक्षा दुसरी स्लाइड घ्या.

५. शीर्षकात विषय नको, मुद्दा हवा

समजा, विषय आहे आपल्याच नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. ‘पाणी व्यवस्थापन’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘हिवरे बाजारात आधी पाऊस मोजतात, मग पिकं ठरवतात’ असं लिहा. गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाची अख्खी कल्पना एका ओळीत आली. खाली एक फोटो किंवा एक आकडा पुरे, बाकीचं तोंडाने सांगा. स्लाइड वाचून दाखवायची असेल तर तुमची गरजच काय?

६. फोटो आणि माहिती कुठून घ्यायची?

फोटोसाठी विकिमीडिया कॉमन्स बघा. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. त्यात नाव देण्याची अट असेल तर छायाचित्रकाराचं नाव स्लाइडवर टाका. मराठी संज्ञा आणि विश्वासार्ह माहितीसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि पडद्यावर धूसर दिसतो.

शेवटचं काम आदल्या दिवशीचं. फाइल तुमच्या नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडा आणि पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत बघा. जिथे अक्षर हललं असेल ते तिथेच दुरुस्त करा. मग उद्याची दहाच्या दहा मिनिटं तुमच्या विषयाची!