'पेक्कावी' : सिंधचे दोन सेनानी

लॅटिन मिस्सा ज्यांच्या कानांवरून गेली आहे, त्यांना 'पेक्कावी' हा शब्द परका नाही. 'मी पाप केले आहे' ही ती कबुली. हाच शब्द घेऊन १८४४ साली लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाने एक कोटी छापली : सिंध जिंकणाऱ्या सर चार्ल्स नेपियरने वरिष्ठांना एवढेच कळविले, 'पेक्कावी'! इंग्रजीत 'सिंध माझ्या हाती आहे' आणि 'मी पाप केले आहे' ही वाक्ये उच्चारात सारखीच. नेपियरने असा संदेश कधी धाडला नव्हता. कोटी कॅथरीन विंकवर्थ या सोळा वर्षांच्या मुलीची, असे मानतात.

तरीही ती वर्मावर बसली. सिंध घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, पण आपण तो घेणार आणि ती लबाडी मोठी उपयुक्त ठरेल, या आशयाचे नेपियरने स्वारीपूर्वीच रोजनिशीत लिहिले होते. १७ फेब्रुवारी १८४३ रोजी मियाणीस आणि २४ मार्चला डब्बो येथे तालपूर अमीरांचा पाडाव झाला. सिंध खालसा झाला.

त्याच मोहिमेत जेम्स आउट्रम होता. १८२५ पासून खानदेशात भिल्लांचा विश्वास मिळवून त्यांची पलटण उभारणारा हाच अधिकारी. १८४२ मध्ये खुद्द नेपियरने त्याला 'हिंदुस्थानचा बेयार्ड', म्हणजे निष्कलंक वीर, म्हणून गौरविले होते. हैदराबादची रेसिडेन्सी त्याने शौर्याने लढविली. पण अमीरांवर अन्याय झाला, हे मत त्याने सोडले नाही. लुटीतील सुमारे ३,००० पौंडांचा आपला वाटा त्याने स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कार्यांना दिला. पुढे दोघांचे जाहीर वैर जडले.

आउट्रमला संत ठरविण्याचे मात्र कारण नाही. १८५६ साली लखनौचा रेसिडेंट या नात्याने अवध खालसा करण्याचा हुकूम त्यानेच अमलात आणला. एकदा जागी झालेली सदसद्विवेकबुद्धी जन्मभर जागी राहतेच असे नाही.

पाप ओळखणे निराळे आणि पश्चात्ताप निराळा. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखविली, म्हणून त्याच्या घरी तारण आले. नेपियरच्या रोजनिशीत कबुली होती, परतफेड नव्हती. आउट्रमने पैसा सोडला, पण अमीरांचे राज्य त्यांना परत मिळाले नाही. पापनिवेदनासाठी गुडघे टेकताना आपणही स्वतःला विचारावे : माझ्या 'पेक्कावी'नंतर ज्याचे त्याला परत मिळते का?