फडाचा आवाज

बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीडच्या दक्षिणेस मांजरसुंब्याजवळ असलेले कपिलधार हे ठिकाण तेथील धबधब्यामुळे आणि वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांच्या समाधीमुळे परिचित असून कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातील अनेक गावांहून दिंड्या तेथे पायी येतात. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ या ग्रंथात शिवपार्वतीच्या संवादातील तत्त्वज्ञान मराठी ओवीत आणले, त्याची पारायणे होऊ लागली, आणि संस्कृत न जाणणारा माणूसही त्या विचाराचा वाटेकरी झाला. लहान समुदाय कसे वाढतात याचा विचार करताना हे उदाहरण मोलाचे ठरते. जाणत्यांच्या वर्तुळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत आत बोलावून घेणारा कोणीतरी असावा लागतो, आणि तो असला की वर्तुळ रुंदावते.

खेळांच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. स्पर्धात्मक व्हिडिओ गेमच्या जगात ‘स्ट्रीमिंग’, म्हणजे सामना चालू असतानाच तो आंतरजालावरून दाखवणे, आणि ‘कास्टिंग’, म्हणजे त्याच वेळी त्याचे धावते वर्णन करणे, या दोन गोष्टींना खेळाडूंचा लहानसा गट वाढवण्याची मुख्य साधने मानले जाते. दक्षिण कोरियात २००० साली केवळ अशा खेळांसाठी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली, अमेरिकेत २०११ मध्ये ‘ट्विच’ हे संकेतस्थळ निघाले, आणि तेव्हापासून समालोचक हा या खेळांचा अविभाज्य घटक झाला. महाराष्ट्राने मात्र हे काम याहून फार आधी, जत्रेतल्या कुस्तीच्या फडात, स्वतःच्या पद्धतीने विकसित केले होते. त्या परंपरेची दखल क्रीडा-इतिहासात जितकी घ्यायला हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

फडातला पहिला समालोचक म्हणजे हलगी. लाल मातीभोवती हजारो माणसे दाटीने बसलेली असताना मागच्या रांगेतल्या माणसाला सगळे काही दिसत नाही, परंतु हलगीचा ठेका बदलला की मातीत काही घडते आहे हे त्याला ऐकूनच उमगते. मल्ल सलामीला येतात तेव्हाची संथ चाल, झोंबी लागल्यावर वाढत जाणारी लय आणि डाव बसताक्षणी उठणारा कडकडाट ही एक पूर्ण भाषाच आहे, आणि ती घडवणाऱ्या, बहुतांशी मातंग समाजातील, वादकांचे नाव मात्र फडाच्या इतिहासात क्वचितच नोंदले गेले. दिसण्याची अडचण राजर्षी शाहू महाराजांनी वास्तूच्या रचनेतून सोडवली. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ पर्यंत उभे राहिले तेव्हा त्याचा आकार बशीसारखा खोलगट ठेवला गेला, जेणेकरून कोणत्याही कडेला बसलेल्या प्रेक्षकाला मधला हौदा दिसावा. डाव समजावून सांगणारा मानवी आवाज सगळ्या मैदानाला ऐकू येण्यासाठी मात्र ध्वनिक्षेपकाची वाट पाहावी लागली.

ध्वनिक्षेपक आल्यावर कुस्ती निवेदक हा स्वतंत्र व्यवसाय आकाराला आला. निवेदक मल्लाचे नाव पुकारताना त्याचे गाव, त्याची तालीम आणि त्याचा वस्ताद, म्हणजे त्याला घडवणारा गुरू, यांचाही उल्लेख करतो, त्यामुळे मातीत उतरलेला तरुण एकटा राहत नाही. त्याच्या मागे एक परंपरा उभी राहते आणि त्या गावाहून आलेला प्रेक्षक आपोआप त्याच्या बाजूने सरसावून बसतो. कुस्ती लागल्यावर सुरुवातीची काही मिनिटे खडाखडीत जातात, म्हणजे दोघे उभ्यानेच एकमेकांच्या मानेला व मनगटाला हात घालून जोर अजमावतात, आणि नवख्या डोळ्यांना त्यात काहीच घडताना दिसत नाही. निवेदकाची खरी कसोटी येथेच लागते. कोणाचा श्वास भरून आला आहे, कोण पुढच्या पायावर जास्त भार टाकतो आहे, कोणाचा हात पटासाठी खाली सरकतो आहे, हे तो एकेका वाक्यात सांगत जातो, आणि पट म्हणजे समोरच्याच्या पायांत शिरून त्याला उचलणे किंवा पाडणे होय, एक पाय धरला तर एकेरी आणि दोन्ही धरले तर दुहेरी, हेही ओघात उलगडतो. पट चुकवून एक मल्ल दुसऱ्याच्या पाठीवर गेला, म्हणजेच त्याने कब्जा घेतला, की निवेदकाचा आवाज चढतो, आणि खालचा मल्ल मातीला चिकटून राहतो की उलटतो याकडे मैदानाचे डोळे लागतात. दोन-चार जत्रा असे ऐकल्यावर पूर्वी केवळ गर्दीसोबत ओरडणारा माणूस घिस्सा, ढाक आणि कलाजंग या डावांतला फरक स्वतः ओळखू लागतो, व पुढच्या वर्षी शेजाऱ्याला सांगू लागतो.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील शंकर पुजारी यांच्यासारख्या निवेदकांनी हे काम इतक्या उंचीवर नेले की मैदानाच्या जाहिरातपत्रकावर मल्लांच्या नावांबरोबर निवेदकाचे नावही छापले जाऊ लागले. याच व्यवस्थेत बक्षिसाची एक रीत आहे. कुस्ती आवडलेला प्रेक्षक नोट घेऊन पुढे येतो आणि निवेदक त्याचे नाव, गाव व रक्कम ध्वनिक्षेपकावरून जाहीर करतो, त्यामुळे पाहणारा माणूसही काही क्षण फडाचा भाग होतो. यूट्यूबने २०१७ मध्ये पैसे देणाऱ्या प्रेक्षकाचा संदेश ठळकपणे दाखवण्याची सोय आणली, आणि प्रक्षेपण करणारे अशा प्रेक्षकाचे नाव वाचून दाखवू लागले, तेव्हा जगाला ती नवी कल्पना वाटली. जत्रेतल्या मराठी माणसाला ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

समालोचनाची दुसरी धारा नभोवाणीची. मुंबईत एएफएस तल्यारखान यांनी १९३० च्या दशकात क्रिकेटचे इंग्रजी वर्णन एकट्याच्या बळावर दिवसभर करून या कलेचा पाया घातला, आणि पुढे महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले बाळ ज. पंडित (१९२९–२०१५) यांनी आकाशवाणीवरून ती मराठीत रुजवली, वि. वि. करमरकर यांनी वृत्तपत्रातील क्रीडापानाबरोबरच समालोचनातूनही तिला जोड दिली. वृत्तपत्रे व आकाशवाणी यांनी मिळून चौकार, षटकार, त्रिफळा, यष्टिरक्षक असे शब्द घरोघरी पोहोचवले. त्यांपैकी पायचीत, धावचीत आणि यष्टिचीत या शब्दांकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण त्यांतला ‘चीत’ हा कुस्तीच्या आखाड्यातून आलेला आहे. पाठ जमिनीला टेकलेला मल्ल चीत, आणि त्याच शब्दाने बाद झालेला फलंदाजही चीत. परका खेळ समजावून सांगण्यासाठी मराठीने घरच्या मातीतला शब्द वापरला, आणि तो इतका चपखल बसला की त्याचे मूळ विसरले गेले. कबड्डीला अशी संधी फार उशिरा लाभली. बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी आयुष्य वेचून नियम व स्पर्धा यांची घडी बसवली होती, तरी २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग दूरचित्रवाणीवर आल्यावरच चढाई आणि पकड यांचे बारकावे कबड्डी कधी न खेळलेल्या घरांत बोलले जाऊ लागले.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि या दोन्ही धारा एकत्र मिळाल्या. गावोगावच्या मैदानांचे यूट्यूबवरून थेट प्रक्षेपण सुरू झाले, आणि पोटासाठी पुण्या-मुंबईला गेलेला माणूस आपल्या गावच्या जत्रेतील कुस्ती तेथूनच पाहू लागला. कपिलधारच्या पलीकडच्या पाटोद्याचा मल्ल राहुल आवारे २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवता झाला, तो नेमका याच काळात. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत ‘बाहेरची टांग’ या डावाला चार गुण द्यावेत की नाही यावरून वाद उठला, तेव्हा ती चित्रफीत राज्यभर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली गेली, आणि खांदा मातीच्या किती जवळ आला याची चर्चा चहाच्या टपरीवरही झाली. वादाचा कडवटपणा बाजूला ठेवला तरी नियमांची एवढी सूक्ष्म चर्चा करणारा प्रेक्षकवर्ग तयार झाला होता, ही गोष्ट फार मोठी आहे. सिकंदरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली.

बुद्धिबळाचे उदाहरण याहून शांत, पण अधिक बोलके आहे. हा खेळ पाहणारा वर्ग २०२० च्या टाळेबंदीपूर्वी बहुतांशी स्पर्धा खेळणारी मुले, त्यांचे पालक आणि प्रशिक्षक यांच्यापुरता मर्यादित होता. सागर शहा व अमृता मोकल यांनी उभ्या केलेल्या ‘चेसबेस इंडिया’ने खेळाडूंच्या मुलाखती व डावांचे विश्लेषण यांतून त्याला आधीच वाट करून दिली होती, त्या टाळेबंदीत विनोदी कलाकार समय रैना याने थेट प्रक्षेपणावर बुद्धिबळ खेळायला सुरुवात केली, आणि नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात सामील झाला. सामान्य खेळाडू चुकत-माकत खेळतो आणि शेजारी बसलेला जाणता त्याला हसत-खेळत डाव उलगडून दाखवतो, ही मांडणी कुस्तीच्या निवेदकाचीच आहे, फक्त दोन भूमिका दोन माणसांत वाटल्या गेल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा तो अंतिम सामना समजून घेणारा मोठा प्रेक्षकवर्ग देशात तयार होता.

मोबाइलवरील लढाईच्या खेळांचा इतिहास मात्र खंडित आहे. पब्जी मोबाइल २०१८ मध्ये आला, त्याच्या प्रक्षेपणातून नवी मुंबईचा नमन माथुर ‘मॉर्टल’ या नावाने देशभर ओळखला गेला, सप्टेंबर २०२० मध्ये खेळावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो नव्या भारतीय रूपात परतला, पुढच्या जुलैत पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. दर वेळी खेळ नाहीसा झाला, तरी समुदाय प्रक्षेपण करणाऱ्यांभोवती टिकून राहिला, आणि त्यांच्यासोबत दुसऱ्या खेळाकडे वळून पुन्हा परतला. फडातही एखादे मैदान एखाद्या वर्षी भरले नाही तर प्रेक्षक निवेदकामागून पुढच्या गावी जातो.

जत्रेच्या दिवशी मोठ्या जोडीला रंग चढतो तो संध्याकाळी, पण मैदान उघडते दुपारीच, रेवड्यांच्या कुस्त्यांनी. म्हणजे आठ-दहा वर्षांची मुले लंगोट लावून मातीत येतात आणि जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या किंवा नारळ मिळतो. तेव्हा कडेला माणसे तुरळक असतात आणि उन्हाने माती तापलेली असते, तरीही जाणता निवेदक त्या पोराचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव तितक्याच खणखणीत आवाजात पुकारतो, आणि हलगी त्याच्यासाठीही तशीच वाजते.