असुरक्षित शरीरसंबंधानंतर एचआयव्हीचा धोका किती? चाचणी नेमकी कधी करावी?

दवाखान्यातली गर्दी ओसरली की काही रुग्ण मुद्दाम शेवटी आत येतात. आधी दार नीट लोटून घेतात आणि मग म्हणतात, “डॉक्टर, थोडं खासगी बोलायचं होतं.”

असाच एक तरुण आला होता. शरीरसंबंधाला वीस दिवस झाले होते आणि तेवढ्यात त्याने वेगवेगळ्या लॅबमध्ये एचआयव्हीच्या पाच चाचण्या केल्या होत्या. पाचही निगेटिव्ह, तरी झोप उडालेली. दुसरा एक गृहस्थ कंडोम फाटल्यानंतर सहाव्या दिवशी आला. लाजेपोटी त्याने पाच दिवस कोणालाच सांगितले नव्हते. पहिल्याने चाचण्यांची घाई केली होती. दुसऱ्याने मात्र जिथे घाई करायची तिथेच उशीर केला होता, त्यामुळे प्रतिबंधक औषधाची वेळ निघून गेली होती.

या विषयात दोन मुदती लक्षात ठेवाव्या लागतात. औषधासाठी पहिले ७२ तास आणि खात्रीशीर चाचणीसाठी ४५ दिवस ते ३ महिने. लेखातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, या दोन मुदती विसरू नका.

एचआयव्ही कशातून पसरतो?

रक्त, वीर्य, वीर्यापूर्वी येणारा स्राव, योनिस्राव, गुदाशयातील स्राव आणि आईचे दूध यांतून हा विषाणू पसरतो. तो दुसऱ्याच्या शरीरात शिरण्यासाठी यांपैकी एखादा द्रव योनी, गुदद्वार, शिश्न किंवा तोंडातल्या नाजूक अस्तराच्या, उघड्या जखमेच्या किंवा थेट रक्ताच्या संपर्कात यावा लागतो.

लाळ, घाम, अश्रू, मिठी, हस्तमैथुन करून देणे, एकाच ताटात जेवणे, सार्वजनिक शौचालय किंवा डास यांतून एचआयव्ही होत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही. लॉजमधल्या टॉवेलची किंवा चादरीची धास्ती घेण्याचे कारण नाही.

धोका किती, हे कसे ठरते?

रुग्णाकडून मी चार गोष्टी विचारून घेतो. प्रश्न खासगी असतात, पण खरी उत्तरे मिळाल्याशिवाय योग्य सल्ला देता येत नाही.

१. संबंध कोणत्या प्रकारचा होता?

जोडीदाराला एचआयव्ही आहे, तो उपचार घेत नाही आणि कंडोम वापरलेला नाही, असे धरले तर एका वेळच्या संबंधातून लागण होण्याची अंदाजे शक्यता अशी:

- गुदमैथुन, ज्याच्या गुदद्वारात संबंध झाला त्याला: १० हजारांत सुमारे १३८
- गुदमैथुन, करणाऱ्या पुरुषाला: १० हजारांत सुमारे ११
- योनीमार्गे संबंध, स्त्रीला: १० हजारांत सुमारे ८
- योनीमार्गे संबंध, पुरुषाला: १० हजारांत सुमारे ४
- मुखमैथुन: अत्यंत कमी, तोंडात जखमा असतील किंवा वीर्य तोंडात गेले असेल तर किंचित जास्त

हे सरासरी अंदाज आहेत. एकाच वेळच्या संबंधातून लागण झालेले रुग्णही असतात, त्यामुळे “एकदाच तर झालं” म्हणून विषय सोडून देऊ नये. उलट, एकदा असुरक्षित संबंध आला म्हणजे एचआयव्ही झालाच, हे समजणेही चूक आहे.

२. जोडीदाराला एचआयव्ही आहे का?

भारतात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ०.२ टक्के लोकांना एचआयव्ही आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे या गटांत हे प्रमाण काही पटींनी जास्त आहे. पण गटावरून किंवा चेहऱ्यावरून एका व्यक्तीबद्दल काहीच ठरवता येत नाही. “तब्येतीने चांगली दिसत होती” हा पुरावा नव्हे. एचआयव्ही असलेली व्यक्ती अनेक वर्षे अगदी निरोगी दिसू शकते.

जोडीदाराला एचआयव्ही आहे, पण तो नियमित एआरटी औषधे घेतो आणि त्याचा व्हायरल लोड सातत्याने न आढळण्याइतका खाली आहे, तर शरीरसंबंधातून विषाणू पुढे जात नाही. मोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झाले आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या अनेक जोडप्यांचा संसार याच आधारावर निर्धास्तपणे चालू आहे.

३. कंडोम होता का? तो टिकला का?

कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता आणि फाटला किंवा निसटला नाही, तर धोका नगण्य असतो. कंडोम फाटल्यास संबंध विनाकंडोमच धरावा.

४. धोका वाढवणारे काही होते का?

जननेंद्रियावर फोड, व्रण किंवा गुप्तरोग असणे, रक्तस्राव होणे, मासिक पाळी चालू असणे, जबरदस्तीमुळे इजा होणे. जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल तर त्या पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या रक्तात विषाणू फार मोठ्या प्रमाणात असतो आणि धोका वाढतो.

पहिले ७२ तास: पेप औषधोपचार

संपर्क झाल्यानंतर लागण रोखण्यासाठी घ्यायच्या औषधांना पेप म्हणतात. पहिला डोस जितका लवकर तितका चांगला. शक्य असेल तर पहिल्या काही तासांतच. ७२ तासांनंतर सुरू केल्यास त्याचा उपयोग होत नाही, म्हणून नंतर ते दिले जात नाही.

भारतात सहसा टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली एक गोळी दिली जाते. ती रोज एक, अशी २८ दिवस घ्यावी लागते. पेप ही १०० टक्के हमी नाही, पण वेळेत सुरू करून पूर्ण केल्यास लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. दहाव्या दिवशी “आता बरं वाटतंय” म्हणून गोळ्या बंद केल्यास हा फायदा हातचा जातो.

औषध सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना हे जरूर सांगा:

- मूत्रपिंडाचा आजार किंवा हिपॅटायटिस बी आहे का. हिपॅटायटिस बी असलेल्यांत या गोळ्या बंद केल्यावर यकृताला सूज येऊ शकते.
- गरोदर आहात का, बाळाला अंगावर पाजता का.
- इतर कोणती औषधे चालू आहेत. ॲसिडिटीच्या काही गोळ्या, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरचा परिणाम कमी करतात. त्या किती अंतराने घ्यायच्या हे विचारून घ्या.

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी किंवा झोप नीट न लागणे असा त्रास होऊ शकतो. बहुतेकांना तो सहन होण्यासारखा असतो. त्रास वाढल्यास डॉक्टरांना भेटा, परस्पर गोळी बंद करू नका.

पेपसाठी शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात, एआरटी केंद्रात किंवा एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या फिजिशियनकडे जा. रात्र असो वा रविवार, सोमवारची वाट पाहू नका. चाचणीच्या रिपोर्टसाठीही पहिला डोस थांबवायचा नसतो. जोडीदाराला एचआयव्ही आहे की नाही हे माहीत नसेल, तर पेप द्यायचे की नाही हे वरच्या चार प्रश्नांच्या उत्तरांवरून डॉक्टर ठरवतात. प्रत्येकालाच ते लागते असे नाही.

लैंगिक अत्याचार झाला असेल तर थेट रुग्णालयात जा. पीडित व्यक्तीला तातडीचे उपचार मोफत देणे शासकीय आणि खासगी, दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे.

चाचणी लगेच का करून चालत नाही?

विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. त्याला विंडो पिरियड म्हणतात. या काळात लागण झालेली असली तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. हा काळ चाचणीनुसार बदलतो:

- चौथ्या पिढीची चाचणी (लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन केलेली): विषाणूचा पी-२४ हा भाग आणि शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी, दोन्ही शोधते. लागण साधारण १८ ते ४५ दिवसांत पकडते.
- फक्त अँटीबॉडी शोधणाऱ्या चाचण्या (बहुतेक रॅपिड चाचण्या): २३ ते ९० दिवस.
- पीसीआर किंवा एनएटी: विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधते. १० ते ३३ दिवस. महाग असते आणि सर्वांना लागत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका.

लॅबमध्ये नुसती “एचआयव्ही टेस्ट” करा असे न म्हणता ती कोणत्या पिढीची आहे ते विचारा. रिपोर्टवर बहुधा पद्धत लिहिलेली असते.

प्रत्यक्षात चाचण्यांचे वेळापत्रक

पेप घेतले नसेल तर:

- आता: पहिली चाचणी. ही तुमची या संबंधाआधीची स्थिती सांगते. या संबंधाबद्दल ती काहीही सांगत नाही.
- ४५ दिवसांनी: लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी. ती निगेटिव्ह असेल आणि मधल्या काळात पुन्हा असुरक्षित संबंध आला नसेल, तर हा रिपोर्ट विश्वासार्ह समजावा.
- ३ महिन्यांनी: चाचणी फक्त अँटीबॉडीची असेल, किंवा ती कोणत्या प्रकारची होती हे माहीत नसेल, तर ही शेवटची.

पेप घेतले असेल तर ४५ दिवसांचा नियम लागू नाही. औषधांमुळे अँटीबॉडी तयार होण्यास उशीर होऊ शकतो. संबंधानंतर साधारण ६ आठवड्यांनी एक आणि ३ महिन्यांनी एक चाचणी करावी. तीन महिन्यांचा रिपोर्ट निर्णायक. तुमच्या डॉक्टरांनी आणखी एखादी चाचणी सांगितली तर तीही करा.

पाच चाचण्या केलेल्या त्या तरुणाचे रिपोर्ट चुकीचे नव्हते. ते फक्त त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके उशिरा काढलेले नव्हते. ४५ दिवसांनंतर एकच चाचणी केली, ती निगेटिव्ह आली आणि विषय संपला.

लक्षणांवरून ओळखता येते का?

नाही. लागण झालेल्यांपैकी अनेकांना दोन ते चार आठवड्यांत ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, मानेत गाठी असा त्रास होतो. पण असाच त्रास फ्लू, डेंग्यू किंवा साध्या विषाणूजन्य तापातही होतो. काहींना एचआयव्ही होऊनही कोणतेच लक्षण दिसत नाही. काळजीमुळेही तोंड कोरडे पडते, पोट बिघडते, रात्री घाम येतो, वजन कमी होते. म्हणून लक्षणांवरून “आहे” ठरवू नका आणि “नाही”ही ठरवू नका. या आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना संबंधाची तारीख सांगा, म्हणजे योग्य चाचणी निवडता येईल.

रिपोर्ट येईपर्यंत घरात काय काळजी घ्यावी?

- पत्नी, पती किंवा जोडीदाराशी संबंध ठेवताना प्रत्येक वेळी कंडोम वापरा. घरी कसे सांगायचे हा प्रश्न अवघड आहे, मला कल्पना आहे. पण त्यांना विनाकारण धोक्यात घालणे त्याहून वाईट. समुपदेशक यात मदत करतात.
- रक्तदान करू नका. फुकट तपासणी होईल म्हणून रक्तपेढीत जाणारे लोक असतात. विंडो पिरियडमधले रक्त दुसऱ्या रुग्णाला लागण करू शकते.
- अंगावर पाजणाऱ्या मातेने लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.
- घरात एकत्र जेवायला, मुलांना जवळ घ्यायला, एकाच बाथरूमचा वापर करायला काहीच हरकत नाही.

फक्त एचआयव्हीचाच विचार करू नका

एचआयव्हीच्या भीतीत इतर आजार राहून जातात. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया हे जास्त सहज पसरतात आणि औषधांनी पूर्ण बरे होतात. लघवीला जळजळ, पू किंवा स्राव, व्रण अशी लक्षणे दिसली तर ४५ दिवस थांबू नका. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर लगेच विचारा. गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर घ्याल तितकी उपयोगी, सहसा ७२ तासांच्या आत.

चाचणी कुठे करावी?

शासकीय रुग्णालयांत आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असते. तिथे चाचणी आणि समुपदेशन मोफत असते. जवळचे केंद्र शोधण्यासाठी १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. कॉल मोफत आहे.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि तुमची माहिती गोपनीय ठेवावी लागते. गावात ओळख निघेल अशी भीती असेल तर शेजारच्या तालुक्याच्या केंद्रात जा, पण चाचणी टाळू नका.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

एका चाचणीवरून निदान होत नाही. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आल्यास वेगवेगळ्या प्रकारच्या आणखी चाचण्या करून खात्री केली जाते. आपल्याकडे त्यासाठी तीन चाचण्यांची पद्धत आहे. निदान पक्के झाल्यास एआरटी केंद्रात मोफत औषधे लगेच सुरू होतात. वेळेत उपचार घेणाऱ्याचे आयुष्य आज इतरांइतकेच दीर्घ असू शकते. त्याला लग्न करता येते, मुले होऊ शकतात आणि औषधे नियमित घेतल्यास जोडीदारालाही सुरक्षित ठेवता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: जोडीदाराने निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला. मग मला चाचणीची गरज आहे का?
उत्तर: तो रिपोर्ट कधीचा आहे आणि त्यानंतर त्यांचा कुणाशी संबंध आला का, यावर ते अवलंबून आहे. शंका असेल तर स्वतःची चाचणी करा.

प्रश्न: तीन महिन्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, तरी भीती जात नाही.
उत्तर: मधल्या काळात नवा धोका नसेल तर पुन्हा चाचणी नको. ही भीती एचआयव्हीची राहिलेली नाही, ती चिंतेची आहे. अपराधी भावना मनात घर करून बसली की दहावा रिपोर्टही पुरत नाही. अशा वेळी समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत.

प्रश्न: माझे असे संबंध पुन्हा येण्याची शक्यता आहे. काय करू?
उत्तर: कंडोम नेहमी जवळ ठेवा आणि वापरा. धोका वारंवार येत असेल तर आधीच घ्यायच्या प्रेप या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. दर तीन महिन्यांनी चाचणी करत राहा.

शेवटी एक विनंती. ७२ तास उलटले नसतील तर हा लेख इथेच ठेवा आणि आधी रुग्णालय गाठा. डॉक्टरांसमोर काय बोलायचे सुचत नसेल तर एवढेच सांगा: “असुरक्षित संबंध आला आहे, अमुक दिवशी, अमुक वेळी.” पुढचे प्रश्न आम्ही विचारू.

(ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. स्वतःच्या बाबतीत निर्णय घेताना डॉक्टरांचा प्रत्यक्ष सल्ला घ्यावा.)