फाडलेला कोपरा

आपली बॅच नेर सोडून पांगली तेव्हा पत्त्याखाली पिन लिहायची सवय रुजली होती. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ४४५ म्हणजे आपला यवतमाळ जिल्हा. पोस्टकार्ड हाती आले की आधी कोपरे बघत. कोपरा फाडलेला असला की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड व्हायची, आणि असे कार्ड घरात ठेवत नसत. पुढे एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरले की तिथे गर्दी व्हायची. तार तर १४ जुलै २०१३ ला शेवटची स्वीकारली गेली.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. काहींचा दिवस त्यावरच उगवतो, काही जण महिनोन्‌महिने उघडत नाहीत. त्यांना फोनच बरा वाटतो. ज्याची त्याची आवड. पण ग्रुपवर कोपरा फाडता येत नाही. सुप्रभात आणि वाढदिवसांच्या रेट्यात वर्गमित्राच्या निधनाची बातमी वर सरकून जाते. कुणाला ती तेरवीनंतर कळते. म्हणून या स्मरणिकेच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे त्याने सांगितल्याप्रमाणे फोन, ग्रुप की पत्र, तेही छापले आहे. चौघांनी पत्र सांगितले.