अडलेल्या श्वासाचा इतिहास

माझे वडील मासळीचा ट्रक चालवीत. संध्याकाळी मालवण बंदरातून निघायचे आणि कसाल, कणकवली, फोंडा घाट, राधानगरी करीत पहाटे कोल्हापूरचा बाजार गाठायचा. त्यांच्या खेपांच्या तीन वह्या माझ्याकडे आहेत. डिझेल, बर्फ, हमाली, जकात, चहा असा हिशेब. पहिल्या वहीत १९७८ च्या खेपांना ‘चहा २’ असे आहे. तिसऱ्या वहीत १९८२ च्या पावसाळ्यात ‘चहा ७’ आहे. त्याच ऑक्टोबरमधल्या एका पानावर हिशेब नाही, फक्त इतकेच : ‘घाटात गाडी कठड्यावर. क्लीनर वाचला. माल गेला.’

गावाने निकाल दिला, पिऊन होते. वडील दारूला शिवत नसत, हे घरात सर्वांना ठाऊक होते; पण घरच्यांची साक्ष कोण धरतो? ट्रक गेला, नाव गेले. १९८९ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ते झोपेतच गेले. भेटायला येणारे म्हणत, भाग्यवान माणूस, त्रास नाही झाला.

मी गेली तीस वर्षे या किनाऱ्यावरच्या बंदरांचे, गलबतांचे, जकातीचे कागद गोळा करतो. पदवी नाही, वाचता वाचता शिकलो. परक्यांचे कागद वाचण्यात इतकी वर्षे गेली, पण घरातल्या ट्रंकेतल्या या वह्या नीट वाचायला मला स्वतःला तोच आजार व्हावा लागला.

२०१९ साली बायकोने मला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेले. एक रात्र बोटाला, छातीला, नाकाला तारा लावून झोपलो. अहवालात आकडा आला ३८. म्हणजे तासाला सरासरी अडतीस वेळा माझा श्वास थांबत होता किंवा उथळ होत होता. पाचच्या आत असेल तर ठीक, तीसच्या वर गेला की आजार तीव्र. नाव, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, मऊ भाग मिटतो, छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून काही सेकंद जागा होतो, श्वास सुटतो, पुन्हा झोप. सकाळी यातले काहीच आठवत नाही. त्यामुळे या आजाराचा साक्षीदार रोगी नसतो, शेजारी झोपणारे माणूस असते.

घरी येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, “तुझे बाबा असेच घोरत. घोरता घोरता गप जात. मी नाकाकडे हात धरून बघंय, श्वास आसा काय नाय. मगे एकदम आचको देत नि परत सुरू.” तिने त्या काळी देवळात गाऱ्हाणे घातले होते, तांदळाचा कौलही लावला होता. डॉक्टरला सांगावे असे कोणाला सुचले नाही, कारण घोरणे म्हणजे गाढ झोप हीच सर्वांची समजूत.

आणि तेव्हा डॉक्टर तरी काय करणार होते? इथून पुढे मी नेहमीच्या सवयीने सनावळी मांडायला बसलो.

झोपणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे कोणी पाहिलेच नाही असे नाही. समर्थांच्या दासबोधात अठराव्या दशकाचा नववा समास निद्रानिरूपणाचा आहे; हातपाय आपटणारे, दात खाणारे असे निजलेल्यांचे नमुने त्यात आहेत. इंग्लंडात १८३६–३७ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ने जो नावाचा लठ्ठ, उभ्या उभ्या डुलक्या घेणारा पोऱ्या प्रसिद्ध केला, आणि १९५६ साली अमेरिकेत बर्वेल व सहकाऱ्यांनी अशाच एका रोग्याचे वर्णन करताना ‘पिकविकियन’ हे नाव वापरले. पण तोवर दोष लठ्ठपणाकडेच जात होता. झोपेत श्वास अडतो हे १९६५ साली दोन ठिकाणी नोंदले गेले, फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकाऱ्यांकडून, जर्मनीत युंग व कूलो यांच्याकडून. आजाराला आजचे नाव आणि चौकट मिळाली ती १९७६ साली, स्टॅनफर्डच्या गियेमिनो यांच्यामुळे.

उपचार मात्र भयंकर होता. १९६९ मध्ये कूलो आणि सहकाऱ्यांनी गळ्याला भोक पाडून श्वास खालूनच घेण्याची वाट केली. गुण येई, पण आयुष्यभर गळ्यात नळी.

जून १९८० मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात कॉलिन सलिव्हन या डॉक्टरसमोर बांधकामावर काम करणारा एक रोगी आला. गळ्याच्या शस्त्रक्रियेला त्याने नकार दिला. सलिव्हनने पूर्वी कुत्र्यांच्या झोपेवर काम करताना त्यांच्या तोंडाला बसणारे मुखवटे वापरले होते. त्याने व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी जोडली, म्हणजे ती हवा ओढण्याऐवजी फुंकेल, आणि ती हवा नळीने नाकात सोडली. घसा आतून हवेने उघडा राहिला आणि तो माणूस रात्रभर झोपला. कल्पना अगदीच नवी नव्हती. १९३६ साली लंडनमध्ये पोल्टन यांनी हृदयाच्या रोग्यांसाठी व्हॅक्यूम क्लीनरच्याच हवेचा उपयोग केला होता, आणि १९७१ मध्ये ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे श्वास असेच टिकवले होते. पण झोपेच्या आजाराला ही हवा लावणारा सलिव्हन पहिला. त्याचा पाच रोग्यांवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये १८ एप्रिल १९८१ रोजी आला. लागलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाण्याचा. पेल्यात दहा सेंटिमीटर खोल नळी बुडवून फुंकर मारा. बुडबुडा निघायला लागतो तेवढाच हा जोर. सीपॅप यंत्राची सुरुवात ती ही.

तारीख वाचून मी थांबलो. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. उपाय छापून आला, तेरा दिवसांनी जिल्हा झाला, आणि दीड वर्षाने वडिलांची गाडी कठड्यावर गेली. उपाय जगात होता, फोंडा घाटात नव्हता.

तो इथवर यायला खूप वर्षे लागली. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शहरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी ७.५ टक्क्यांना हा आजार लक्षणांसह आढळला. म्हणजे शंभरांत सात-आठ. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचले.

यंत्र घरी आले म्हणजे झोप आली असे नाही. पहिले पंधरा दिवस मी ते मध्यरात्री काढून टाकी. मुखवटा गळतो म्हणून पट्टे आवळले तर अधिकच गळे आणि नाकावर वळ उठत. शेवटी कळले की मुखवटा आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून बसवायचा आणि पट्टे सैलच ठेवायचे. दुपारी वर्तमानपत्र वाचताना तो तोंडावर ठेवून सवय केली. दाब हळूहळू चढवण्याची आणि श्वास सोडताना जरा उतरवण्याची सोय यंत्रात असते. ती डॉक्टरांनी सुरू करून दिली. मूळ दाबाला मात्र मी हात लावला नाही. यंत्रातल्या नोंदी पाहून तो त्यांनीच बदलला.

बाकीचे इथल्या हवेने शिकवले. हवा दमट करणारे भांडे पावसाळ्यात जास्त ठेवले की नळीत पाणी साचते, गुळगुळ वाजते आणि नाकावर थेंब येतात. मग भांड्याचा आकडा उतरवला, यंत्र खाटेपेक्षा खाली ठेवले आणि बायकोने जुन्या लुगड्याची खोळ नळीला शिवली. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ, भांड्यात पांढरा थर धरणारे. तिथे औषधांच्या दुकानातले डिस्टिल्ड पाणीच. मुखवटा रोज साध्या साबणाने धुवायचा, आणि खारी हवा व तांबडी धूळ खाणारा फिल्टर वेळेवर पाहायचा. उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर झोपावे. आपल्या वामकुक्षीत डावी कूस आहेच. महिन्याभरात आकडा ३८ वरून ३ वर आला. दुपारची पेंग गेली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले. खांब आडवे, आमच्याकडे कित्येक रात्री वीज नाही. पाठीशी उशा रचून कुशीवर झोपलो, तरी चौथ्या दिवशी बोलता बोलता डोळे मिटू लागले. रात्री कंदील लावून ट्रंक उघडली ती तेव्हा. ‘चहा ७’ समोर आला आणि कळले, हा माणूस पीत नव्हता, जागा राहायची धडपड करत होता. अशा चालकांना अपघाताचा धोका अधिक असतो आणि उपचाराने तो कमी होतो, हे आता सर्वमान्य आहे.

वडिलांची तपासणी झालेली नाही, अहवाल नाही. माझ्याजवळ आहे ती तीन वह्यांतली चहाची संख्या आणि आईच्या हाताची साक्ष. जकातीच्या कागदांवर मी याहून कमी पुराव्यावर लेख लिहिले आहेत. म्हणून हाही लिहिला. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “गावात पण वाचून दाखव.” दाखवणार आहे. आणि ज्यांच्या घरात कोणी घोरता घोरता गप्प होत असेल, त्यांनी रात्री नाकाशी हात धरून थांबू नये, सकाळी डॉक्टरकडे जावे.