चार इंचांची पट्टी

ऑक्सफर्डजवळ काउली इथल्या मॉरिसच्या कारखान्यात १९४७ साली एक अजब प्रकार घडला. नवी मोटार जवळजवळ तयार होती, बंपर तर बनूनही आले होते. अशा वेळी तिच्या रचनाकाराने नमुन्याची गाडी नाकापासून शेपटीपर्यंत उभी कापायला लावली. दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवली गेली. अजून थोडं, अजून थोडं करत चार इंचांवर त्याचं समाधान झालं. गाडीचा चेहरा आता भरल्यासारखा दिसत होता.

चार इंच ऐकायला काहीच नाहीत, पण कारखान्याची तारांबळ उडाली. बनून पडलेले बंपर फेकवेनात, म्हणून ते मधोमध कापले आणि त्या फटीत चार इंचांची पट्टी जोडली. बॉनेटलाही मधून एक रुंद, किंचित उंच पट्टी आली. विक्रीला आलेल्या पहिल्या हजारो गाड्यांच्या बंपरवर तो जोड स्पष्ट दिसे.

या गाडीचं नाव मॉरिस मायनर आणि रचनाकाराचं अ‍ॅलेक इसिगोनिस. जन्म १९०६चा, स्मिर्ना बंदरातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरचा. ग्रीक-तुर्की युद्धात शहर होरपळलं आणि हे कुटुंब परागंदा झालं. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये पठ्ठ्या गणितात तीनदा नापास झाला. आकडेमोडीशी त्याचं सख्य नव्हतंच. तो कागदावर हाताने भराभर चित्रं काढी आणि जॅक डॅनियल्ससारखे सहकारी त्यातून मापाचे आराखडे उतरवत.

महायुद्ध चालू असतानाच या छोट्या चमूने ‘मॉस्किटो’ या टोपणनावाने काम सुरू केलं होतं. चाकं अवघी १४ इंचांची आणि गाडीच्या टोकांकडे नेलेली; इंजिन पुढे सरकवून माणसांना जास्त जागा; वळताना हातात नेमकं बसणारं रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. इंजिनही नवं, आडव्या चार सिलिंडरचं बसवायचं होतं. तो बेत फसला. मग आधीच्या मॉरिस एटचं ९१८ सीसीचं म्हातारं इंजिन बसवलं गेलं. नव्याकोऱ्या अंगरख्याला जुनी बटणं लावावीत, तसा प्रकार. ताशी ६० मैल गाठताना बिचारं धापा टाकी.

मालकाला मात्र मुळात अंगरखाच पसंत नव्हता. सायकलींच्या धंद्यातून उभा राहिलेला विल्यम मॉरिस आता लॉर्ड नफिल्ड झाला होता. पहिल्याच भेटीत त्याने या गोलमटोल गाडीला पाण्यात शिजवलेल्या अंड्याची उपमा दिली म्हणतात. जुनी एट चांगली खपतेय, मग हे कशाला, असा त्याचा व्यापारी सवाल. गाडीची पाठराखण करणाऱ्या माइल्स थॉमसचं त्याच्याशी बिनसलं आणि थॉमस कंपनी सोडून गेला. अखेर ऑक्टोबर १९४८मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली. किंमत करासह ३५८ पौंड, १० शिलिंग, ७ पेन्स.

नफिल्डचा अंदाज सपशेल चुकला. पेट्रोल रेशनवर होतं, देशाला परकीय चलन हवं होतं, त्यामुळे सुरुवातीच्या बहुतेक गाड्या निर्यात झाल्या. अमेरिकेच्या नियमांना जाळीत खाली बसवलेले दिवे चालेनात, म्हणून ते वर मडगार्डवर गेले. १९५२मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एकत्र आल्या आणि मायनरला ऑस्टिनचं ८०३ सीसीचं इंजिन मिळालं. पुढे ते ९४८ आणि १९६२मध्ये १०९८ सीसीपर्यंत वाढलं. वळताना दाराशेजारच्या खांबातून टकदिशी बाहेर येणारा, आत दिवा असलेला इवलासा हात १९६१पर्यंत टिकला. नंतर त्याच्याऐवजी लुकलुकते दिवे आले.

गावोगाव फिरणाऱ्या परिचारिका, पाद्री, शिक्षक यांची ही गाडी. पोलिसांनी ती निळ्या-पांढऱ्या रंगात गस्तीला घेतली. टपाल खात्याने तर आपल्या व्हॅनना पुढचे मडगार्ड रबराचे लावून घेतले; अरुंद गल्ल्यांत घासाघाशी व्हायचीच, मग पत्रा ठोकत कोण बसणार!

ट्रॅव्हलर नावाचं तिचं रूप १९५३चं. मागचा भाग अ‍ॅश लाकडाच्या चौकटीचा. ही लाकडं शोभेची नाहीत, अंगावर भार पेलतात. त्यामुळे लाकूड कुजलं तर ब्रिटनच्या वार्षिक वाहनतपासणीत गाडी नापास होई, आणि मालकाला मेकॅनिकआधी सुतार शोधावा लागे. मायनरला एक खोडही होती. पुढच्या चाकाच्या सांध्याला वेळच्या वेळी ग्रीस दिलं नाही, तर तो निखळे आणि गाडी रस्त्यातच गुडघ्यावर बसे.

डिसेंबर १९६०मध्ये दहा लाखावी मायनर तयार झाली. हा पल्ला गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार. त्या आनंदात सुमारे साडेतीनशे गाड्या फिक्या जांभळ्या रंगात रंगवल्या. रंग मोठा धीट म्हणायचा! पण तोवर इसिगोनिसचीच मिनी बाजारात आली होती आणि मायनर वयस्कर वाटू लागली होती.

भारताशी तिचं नातं दुहेरी. हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी ‘बेबी हिंदुस्तान’ म्हणून विकली. आणि १९४८च्या त्याच प्रदर्शनात मायनरची थोरली बहीण मॉरिस ऑक्सफर्डही उभी होती. त्या ऑक्सफर्डच्या पुढच्या पिढीतून आपली अ‍ॅम्बॅसडर आली आणि २०१४पर्यंत बनत राहिली.

मायनरचं उत्पादन १९७१मध्ये थांबलं, तोवर सुमारे १६ लाख गाड्या बाहेर पडल्या होत्या. इंजिन, दिवे, काच, बंपर सगळं बदललं, पण बॉनेटवरची ती मधली पट्टी शेवटच्या गाडीवरही होती. जुन्या गाड्यांच्या एखाद्या मेळाव्यात मायनर दिसलीच, तर समोर उभं राहून ती जरूर पाहावी.